तुमच्या टेबलावर ब्रह्मकमळ का नाही?

"हिमालयातली झाडं मांडलीत आणि ब्रह्मकमळ नाही?"

फ्लॉवर शोच्या तीन दिवसांत हा प्रश्न मला किती वेळा येतो ते एका वर्षी मोजत होते. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत १९ झाले, मग मोजणं सोडलं. विचारणारे उत्तरासाठी थांबतात असंही नाही. "आमच्याकडे आहे. मागच्या श्रावणात एका रात्रीत सात फुलं आली, थांबा, फोटो दाखवते," म्हणत फोन पुढे येतो. मी फोटो बघते, "वा" म्हणते. फुलं खरंच सुंदर असतात. क्लबातल्या ज्यांना आतली गोष्ट माहीत आहे ते माझ्याकडे बघून गालात हसतात. तुम्ही फोटो न दाखवता विचारलंत, आणि उत्तरासाठी थांबलातही. तेव्हा मागून एक शाळा आली आणि राहून गेलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आमचं टेबल तुम्ही पाहिलंत. गुलाबांचा मंडप संपतो आणि बोन्साय सुरू व्हायचे असतात, त्या मधल्या जागेत, जिथे लोकांचे पाय आपोआप भराभर पडायला लागतात. सात-आठ पसरट मातीच्या कुंड्या, त्यांत बारीक खडी, आणि खडीतून बोटभर वर आलेलं काहीतरी. फुलं नाहीत. आल्प्समध्ये झाडांची हद्द दोन हजार मीटरच्या आसपास संपते, हिमालयात साडेतीन-चार हजारांवर. तिच्यावर जे तग धरतं ते अल्पाइन. नाशिक साधारण सहाशे मीटरवर. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, तोही १५६७ मीटर. म्हणजे कुंड्या डोक्यावर घेऊन साल्हेरच्या माथ्यावर गेलो तरी आम्ही हद्दीच्या खालीच. मग हा उपद्व्याप कशाला, हे तुम्ही विचारलं नाहीत. नवरा विचारतो. त्याला मी उत्तर देत नाही.

सगळ्यांना वाटतं या झाडांना थंडी कमी पडते. मलाही वाटायचं. पहिल्या वर्षी मी कुंड्यांभोवती बर्फाच्या बाटल्या रचून बसायचे. पण थंडी आपल्याकडे काही कमी नाही. निफाडला पारा चार-पाचवर उतरतो, द्राक्षवाले बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात. या झाडांचा जीव घेते ती मे महिन्यातली रात्र. दिवसा उन्हात जे कमावलं ते गरम रात्री श्वासोच्छ्वासातच खर्च होतं, शिल्लक काही राहत नाही. त्यातून वाचलं तर जुलैचा पाऊस आहेच. डोंगरावर हिवाळाभर ते बर्फाखाली असतं, शून्याच्या जवळपास, पण कोरडं, पांघरूण घेऊन निजल्यासारखं. इंग्लंडात अल्पाइनसाठी काचेचं घर बांधतात ते ऊब द्यायला नव्हे, हिवाळ्यातला पाऊस अंगावर पडू नये म्हणून. आत हीटर नसतो आणि खिडक्या सताड उघड्या. लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती-बागेत २००६ साली जे नवं अल्पाइन हाउस उघडलं त्याच्या पोटात काँक्रीटचा भुलभुलैया आहे, त्यातून फिरून हवा गार होते आणि मग झाडांवर येते. माझ्याकडे गंगापूर रोडच्या तिसऱ्या मजल्यावरची उत्तरेची गॅलरी आहे. सेम्परव्हायव्हम नावाचं एक झाड असतं, लॅटिनमध्ये अर्थ 'सदा जिवंत'. माझ्याकडचा विक्रम चौदा महिन्यांचा. एका जूनच्या सकाळी हात लावला तर अख्खा गड्डा बोटांत आला, खालून उकडलेल्या बटाट्यासारखा.

तर ब्रह्मकमळ. खरं ब्रह्मकमळ हिमालयात पावणेचार हजार मीटरच्या आसपास आणि त्याहूनही वर उगवतं. सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. मधे जांभळ्या फुलांचा झुबका आणि भोवती कागदासारखी, फिकट पोपटी, आरपार दिसणारी पानं, कंदिलाच्या काचेसारखी, आतली ऊब राखायला. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हे. उत्तराखंडाचं राज्यफूल. तुमच्या-आमच्या गॅलरीत रात्री नऊला उमलतं, बाराला भरात येतं आणि सकाळी पिळलेल्या फडक्यासारखं लोंबतं ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. आपण ज्याला पान म्हणतो तेही पान नाही, चपटं झालेलं खोड आहे.

हे सगळं पूर्वी मी फलकावर लिहून लावत असे. मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'ब्रह्मकमळ : खरं आणि खोटं'. खरं झाड आणणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. क्लबात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांनी १९८२ साली निघालेलं ब्रह्मकमळाचं तिकीट दिलं, दोन रुपये पंच्याऐंशी पैशांचं. ते डावीकडे लावलं आणि दोरीने भिंग बांधून ठेवलं. उजवीकडे 'खोटं' या शब्दाखाली एक मोठा रंगीत फोटो होता. तो आमच्याच घरचा. सासूबाईंच्या झाडाचा.

ते झाड त्यांनी पंचवटीतल्या वाड्यातून आणलं. वाडा सुटला तेव्हा पितळेची घंगाळं विकली, पाळणा कुणाला तरी दिला, पण ही कुंडी टेम्पोत मांडीवर घेऊन आल्या. बद्रीनाथाहून आलेल्या कुणा गुरुजींच्या पत्नीने पान दिलं होतं, असं त्या सांगत. सासूबाईंनी पुढे किती घरांत पानं दिली त्याची गणतीच नाही. कळी वर वळली की आदल्या दिवसापासून फोन सुरू व्हायचे, "उद्या उमलतंय, या." मग रात्री केशराचं दूध, निरांजन, आरती. कुंडीला पाट.

शोचा तो शनिवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका शाळेची चाळीसेक मुलं टेबलाभोवती आली. मुलं ऐकतात म्हटल्यावर मला चेव चढला. खरं-खोटं समजावलं, भिंगातून तिकीट दाखवलं आणि मग फोटोवर बोट ठेवून म्हटलं, "आणि या निवडुंगाची लोक काय करतात माहितीये? आरती!" मुलं खदखदून हसली. मीही हसले. त्या हसण्यात नवऱ्याचा चेहरा दिसला, आणि त्याच्या हाताला धरून उभ्या सासूबाई. त्या यायच्या होत्या हे मला माहीत नव्हतं. सुनेचं टेबल बघायचं म्हणून चांगली साडी नेसून आल्या होत्या.

मुलं पुढे गेली. सासूबाई टेबलापाशी आल्या, काठी टेबलाला टेकवली आणि भिंग हातात घेतलं. तिकीट बराच वेळ बघितलं. मग दोरी पुरेल तेवढं भिंग उजवीकडे सरकवलं. फोटोच्या कडेला निरांजनाचं ताट आलं होतं आणि ताट धरलेलं मनगट, त्यावर पाटली. फोटो निवडताना मी फक्त फूल बघितलं होतं.

"हा माझा हात," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं आरती कुणाची केली गं मी?"

आवाज चढलेला नव्हता. तो टोमणा होता की खरोखरचा प्रश्न, हे मला आजही ठरवता येत नाही. आधी वाटायचं टोमणाच. आता वाटतं त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, मला झाडांतलं कळतं असं त्या चारचौघींत सांगत, म्हणून मलाच विचारलं. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "एपिफायलम ऑक्सिपेटालम."

हो. हेच म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पत्ता समजल्यावर हलवतात तशी. बाहेर पडताना भेळ खाल्ली, गुलाबांचं कौतुक केलं, घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जुलैत झाडाला अकरा कळ्या आल्या, पूर्वी कधी आल्या नव्हत्या एवढ्या. फोन कुणालाच गेले नाहीत. साडेआठला मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन सांगितलं, "आई, उमलायला लागलीत." त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा. निवडुंग आहे ते." आणि नऊला दिवा मालवला. गॅलरीत मी एकटी बसले होते. निरांजन लावावं की नाही ते कळेना. लावलं असतं तर नाटक झालं असतं. त्या फुलाचा वास जबर असतो, दार लोटलेलं असलं तरी खोलीत जातोच. त्या रात्री त्या जाग्या होत्या का, हे मी विचारलेलं नाही.

आता माझी बाजू. मी तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली. प्रपोजलवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, की क्लेम अडकतो आणि बाई टेबलासमोर रडत बसते, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. नाव म्हणजे मला हौस वाटत नाही. आणि बरोबर नावात गंमतही असते. आमच्या टेबलावर न मरता टिकलेलं एकच हिमालयी झाड आहे, पाषाणभेद. ते काटेकोरपणे अल्पाइन नाही, जरा खालच्या उंचीचं आहे. पण त्याचं कूळ सॅक्सिफ्रागाचं, आणि लॅटिनमध्ये सॅक्सिफ्रागा म्हणजेही दगड फोडणारा. कुठे रोम आणि कुठे आपले वैद्य, पण नाव एकच सुचलं. हे मुलांना सांगायचं नाही का?

मग मीच मला विचारते, दसऱ्याला दारावर तोरण कशाचं बांधतेस? झेंडूही मेक्सिकोचाच. निशिगंध तिथलाच, नाव मात्र अस्सल संस्कृत. गुलबक्षी अमेरिका खंडातली. त्यांच्याकडे कधी कागदपत्रं मागितलीस? यावर जुनी मी म्हणते, झेंडूने दुसऱ्या कुणाचं नाव चोरलेलं नाही. हे तिचं बरोबर आहे. पण चोरी झाडाने केली नव्हती आणि सासूबाईंनीही नाही. शिवाय मी ती पकडली कुठे, तर चाळीस मुलांसमोर.

पुढच्या वर्षी फलक काढला. तिकीट आणि भिंग ठेवलं, 'खोटं' गेलं. क्लबात काहींना बरं वाटलं. एक मुलगी मात्र, वनस्पतिशास्त्र शिकते, फार चिडली. तिचं म्हणणं असं की खरं ब्रह्मकमळ देवासाठी आणि औषधासाठी खुडून खुडून कमी होत चाललंय. नाशकातल्या प्रत्येक दुसऱ्या गॅलरीत ज्याची कुंडी आहे ते फूल संपत आलंय हे लोकांना कसं पटणार? "तुमच्या घरातल्या भांडणापायी तुम्ही ते फूलच फलकावरून पुसलंत, काकू." भांडण झालंच नव्हतं, हे तिला काय सांगणार. झालं असतं तर सोपं होतं. फलक परत लावा असं ती दर वर्षी म्हणते. मी दर वर्षी "बघू" म्हणते.

सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. झाडाला पाणी त्याच घालतात. फोन करत नाहीत, आरती करत नाहीत, आणि त्याचा विषय निघाला की "तुझं ते निवडुंग" म्हणतात. यंदा शोच्या आदल्या रात्री मात्र त्यांनी स्वतः एक जाड पान कापलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं. "कुणी मागितलं तर दे," एवढंच म्हणाल्या. ते पान दोन दिवस टेबलाखाली बादलीत होतं. तुम्ही ब्रह्मकमळाचं विचारलंत तेव्हा माझा पाय त्या बादलीला लागत होता. तुमच्याकडे ते झाड नाही म्हणालात, म्हणून मी पुडी काढून तुमच्या हातात दिली.

ते लगेच मातीत खोचू नका. चार दिवस सावलीत वाळू द्या, कापलेली बाजू सुकली की वाळू जास्त असलेल्या मातीत लावा, पाणी बेतानं. फुलाला दोन-तीन वर्षं लागतील.

त्या रात्री घरी आले तर सासूबाई जाग्या होत्या.

"नेलं का कुणी?"

"नेलं."

"काय म्हणून दिलंस?"

मी म्हटलं, दूध तापत ठेवलंय, बघून येते.