टायटर ४ आलं तेव्हा

डायलिसिस युनिटला बदली झाली आणि रुजू होतानाच रक्त तपासायला दिलं. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मी नर्सिंगला असतानाच घेतले होते. टायटर, म्हणजे लशीमुळे रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या याची तपासणी, मात्र तेव्हा कुणी केलं नव्हतं. रिपोर्ट आला: अँटी-एचबीएस (म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्धच्या अँटीबॉडी) ४. संरक्षणासाठी किमान १० लागतं, एवढं पाठ होतं. दिवसभर सुया आणि रक्त हाताळायचं, त्यामुळे मी घाबरलेच.

मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांनी अँटीबॉडी ओसरतातच. ४ आलं म्हणजे लस लागूच पडली नाही, असं नाही. मेमरी पेशी शिल्लक आहेत का, ते बघू."

बघायचं कसं, तर एकच डोस घ्यायचा, तोही दंडातच, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा टायटर. शरीराला आधीची ओळख असेल तर आकडा झपाट्याने चढतो. नाहीच चढला तर आणखी दोन डोस आणि परत तपासणी. निरोगी माणसांतही काहींना ही लस लागू पडत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पण अँटीबॉडी संपल्यावर नुसत्या मेमरीवर कसं भागेल? मी हे मॅडमना खोदून विचारलं. या विषाणूला आजार घडवायला साधारण दीड ते सहा महिने लागतात, आणि मेमरी पेशी काही दिवसांतच नव्याने अँटीबॉडी बनवू लागतात. म्हणून लशीनंतर एकदा १० गाठलेल्या निरोगी माणसाचा आकडा पुढे घसरला, तरी संरक्षण टिकतं. हे ऐकून मला फार धीर आला. (गोवराचं किंवा रेबीजचं गणित मात्र यावरून मांडू नये. प्रत्येक आजाराची पातळी वेगळी, आणि डांग्या खोकल्याला तर असा एक ठरलेला आकडाच नाही.)

दुसरा रिपोर्ट आला: ३१२. म्हणजे कॉलेजातले डोस लागू पडले होते! नर्सिंगच्या मुलींनो, तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत टायटर करून कार्डावर लिहून घ्या.

आमच्या पेशंटना हा दिलासा नाही. किडनी निकामी झाली की लशीला प्रतिसादच कमी मिळतो, मेमरीवर विसंबता येत नाही. म्हणून त्यांचे डोस दुप्पट ताकदीचे, आणि टायटर दरवर्षी. १० च्या खाली गेलं की बूस्टर. ते रजिस्टर आता माझ्याकडे आहे. सकाळच्या शिफ्टमधल्या एका काकांचं यंदा ७ आलंय, त्यांची लस सोमवारी.