टोकियोत एकटी, जपानी न येता

जपानी येत नसताना टोकियोत एकटीने आठवडाभर राहायचं, तर अडतं नेमकं कुठे हे आधी समजून घ्यायला हवं. माझ्या अनुभवात बोलण्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते वाचण्यापाशी, आणि काउंटरवरच्या माणसाने उलट काही विचारलं की. म्हणून निघण्याआधी मी वाक्यं पाठ करत बसले नाही, कागद तयार केले.

पहिला कागद हॉटेलच्या पत्त्याचा, तोही जपानी लिपीत. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधी वॉर्ड, मग वस्ती, मग चोमे म्हणजे वस्तीचा भाग, त्यानंतर ब्लॉक आणि शेवटी इमारतीचा क्रमांक. हे क्रमांक रस्त्याच्या कडेने ओळीने लागत नाहीत. त्यामुळे ‘चार आलं, म्हणजे पुढचं पाच’ हा आपला हिशेब इथे फसतो. पत्त्याखाली हॉटेलचा फोन, जवळच्या स्थानकाचा क्रमांक आणि बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक लिहून ठेवला. दाराचा क्रमांक विसरू नका. शिंजुकु स्थानकाला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दाराने वर आलं तर नकाशावरचं पाच मिनिटांचं अंतर सहज वीस मिनिटांचं होतं.

रेल्वेत आकड्यांचा मोठा आधार आहे. प्रत्येक स्थानकाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक असतो. गिन्झा मार्गावर शिबुया जी-०१, उएनो जी-१६, आसाकुसा जी-१९. फलाटावरच्या पाटीवर शेजारच्या दोन्ही स्थानकांचे क्रमांक असतात. उएनोहून आसाकुसाला जायचं तर आकडा वाढत जाणारी बाजू आपली, एवढं कळलं की झालं. मात्र अक्षर बघायला चुकू नये. उएनो गिन्झा मार्गावर जी-१६, हिबिया मार्गावर एच-१८, तर यामानोते मार्गावर जे-वाय-०५ आहे. आसाकुसा नावाचं एक स्थानक त्सुकुबा एक्स्प्रेसचंही आहे, आणि ते बाकीच्या आसाकुसापासून चालत बऱ्याच अंतरावर आहे.

दुसरी चूक गाडीच्या प्रकाराची. रूळ तोच, पण आपली गाडी आपल्या स्थानकावर थांबेलच असं नाही. मुंबईच्या फास्ट-स्लोची सवय असलेल्याला हे लवकर उमगतं. चुओ मार्गावर केशरी पट्ट्याची जलद गाडी आहे, पिवळ्या पट्ट्याची सगळीकडे थांबते. कोएन्जी, आसागाया आणि निशि-ओगिकुबो इथे जलद गाडी आठवड्याच्या दिवशी थांबते, शनिवार-रविवारी आणि सुटीला थांबत नाही. त्यामुळे शुक्रवारी बरोबर पोचलेला माणूस शनिवारी पुढे निघून जातो.

तिकिटापेक्षा सुइका किंवा पास्मो, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड सोपं. साध्या सुइकाला ५०० येन अनामत लागते. पर्यटकांच्या वेलकम सुइकाला अनामत नाही, पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आयफोनमध्ये सुइका थेट घेता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही, कारण त्यात लागणारी चिप-सोय नसते. बाहेर पडताना फाटक लाल दिवा लावून बंद झालं तर घाबरण्यासारखं काही नाही, बहुतेक वेळा पैसे कमी पडलेले असतात. फाटकाच्या आतच भाडं भरायचं यंत्र असतं, त्यात कार्ड घालून पैसे भरायचे. कागदी तिकीट काढताना भाडं कळत नसेल तर सगळ्यात स्वस्त तिकीट काढावं आणि फरक याच यंत्रात भरावा. हा रीतसर मार्ग आहे, यात दंड नाही.

रोख पैसे जवळ हवेतच. निघण्याआधी बँकेच्या अॅपमधून कार्डाचा परदेशातला वापर चालू करून घ्या. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममध्ये बाहेरची कार्डं चालतात आणि पडद्यावर इंग्रजी असतं. लहान खानावळींत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं: आधी पैसे घालायचे, बटणं उजळली की निवडायचं, निघालेली चिठ्ठी आत द्यायची. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आणि काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, म्हणून हजाराच्या जुन्या नोटा नाण्यांसोबत वेगळ्या ठेवाव्यात. नाण्यांतलं एकच फसवं आहे. पिवळसर, मधोमध भोक, कडेला भाताची लोंबी, आणि किंमत सांगणारा आपल्या ओळखीचा आकडा कुठेच नाही. ते पाच येनचं. भोक असलेलं पांढरं नाणं पन्नासचं, त्यावर आकडा असतो.

दुकानात काउंटरवरचे प्रश्न ठरलेले असतात: पॉइंट कार्ड आहे का, पिशवी हवी का, गरम करून देऊ का. ‘फुकुरो’ म्हणजे पिशवी, जुलै २०२०पासून तिचे पैसे पडतात. ‘आतातामे’ ऐकू आलं की गरम करण्याचं विचारतायत. नको असेल तर ‘दाइजोबु देसु’, हवं असेल तर ‘ओनेगाइशिमासु’. पैसे हातात न देता समोरच्या तबकात ठेवायचे.

एक गोष्ट मराठी माणसाला फुकट मिळते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि प्रश्नाच्या अखेरीस ‘का’ लागतो, आपल्या ‘येतोस का’सारखाच. ‘एकि वा दोको देसु का’, म्हणजे स्टेशन कुठे आहे. हा साचा एकदा जिभेवर बसला की ‘एकि’च्या जागी ‘तोइरे’, म्हणजे शौचालय, घालायचं. भाषांतराच्या अॅपमध्ये मात्र छोटी वाक्यं घालावीत, आणि आलेलं जपानी पुन्हा मराठीत फिरवून बघावं. अर्थ बदललेला दिसला तर वाक्य तोडून पुन्हा लिहावं.

खरी तयारी लागते ती शाकाहाराची. ‘बेजितारियन’ हा शब्द समजतो, पण समोरचा माणूस त्यातून ताटात मांसाचे तुकडे नकोत एवढाच अर्थ घेण्याची शक्यता मोठी. अडचण रशात आहे. दाशी नावाचा रस जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असतो, आणि तो बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसाचा. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, टोफूवरचं सार, सगळीकडे तो असतो. नुसत्या कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालते. म्हणून दुसऱ्या कागदावर जपानीत नावं घेऊन लिहिलं: मांस, मासे, शिंपले, कात्सुओ आणि निबोशीची (वाळवलेल्या लहान माशांची) दाशी, चरबी, जिलेटिन खात नाही, अंडं आणि दूध चालतं. शेवटची ओळ तितकीच कामाची: जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. तोंडावर नाही म्हणणं तिथे जड जातं. ‘चोत्तो…’ म्हणून श्वास आत ओढून माणूस थांबला, की तो नकार समजावा आणि आभार मानून निघावं. मनगटं एकमेकांवर ठेवून केलेली फुलीही नकारच.

पाकिटावरच्या अॅलर्जीच्या यादीवर विसंबू नये. सक्तीने सांगायच्या घटकांत अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, अक्रोड, कोळंबी आणि खेकडा येतात, मासा त्यात नाही. ओनिगिरी म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा; त्यात उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) किंवा कोंबूची निवडली तरी सारणात माशाचा अर्क असू शकतो, तेव्हा घटकांवर कॅमेरा धरायचाच. पाकीट ताणून सपाट करावं, चमक पडू देऊ नये, नाहीतर अॅप भलतंच वाचतं. घरच्या चवीची आठवण झाली तर तोझाइ मार्गावरचं निशि-कासाइ, टी-१६, गाठावं. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे आणि आपल्या सामानाची दुकानंही आहेत.

सर्दीची औषधं तपासून न्या. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे नेता येत नाहीत. वीज १०० व्होल्ट, पिन दोन चपट्या. फोनचा चार्जर चालतो, घरची किटली धड तापत नाही. शौचालयात खूप बटणं असतात; भिंतीवरचं लाल किंवा केशरी बटण बहुधा मदतीचं असतं, पाण्याचं नाही. ‘मोठं’ फ्लश दाखवणारं चिन्ह हात-पाय फाकवून उभ्या माणसासारखं दिसतं.

शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते, पुढची पहाटे पाचच्या आसपास. रात्री रस्ता चुकला तर कोबान, म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी शोधावी. पासपोर्ट जवळ बाळगणं परदेशी पाहुण्यांना कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९. कोबानमध्ये त्या भागाचा नकाशा असतो. पत्त्याचा कागद पुढे केला की पोलीस आधी चोमे शोधतात, मग ब्लॉक, आणि तिथे बोट ठेवून दाखवतात.