तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना आधी कबरस्तान का दाखवता?

"अगं, लोक अमेरिकेत आले की नायगरा बघतात, टाइम्स स्क्वेअर बघतात. तू म्हाताऱ्या आईबापांना कबरस्तानात काय नेतेस? आणि तिथून उठून बेसबॉलला?" हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारला गेलाय, साताऱ्याच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर विचारलाय. एका मैत्रिणीने तर मधे आंघोळ तरी करता का, असंही विचारलं. नाही करत. आर्लिंग्टन सेमेटरी, म्हणजे वॉशिंग्टनलगतचं लष्करी कबरस्तान, तिथल्या स्टेशनवर मेट्रोची ब्लू लाइन पकडायची, लाँफाँ प्लाझाला ग्रीन लाइन घ्यायची, नेव्ही यार्डला उतरलं की चार पावलांवर बेसबॉलचं स्टेडियम. आंघोळीला जागाच नाही.

आम्ही व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणं जवळ पडतात हे एक कारण आहेच. पण खरं उत्तर बाबांपासून सुरू होतं. बाबा फौजेत हवालदार क्लार्क होते. आयुष्यभर बंदुकीपेक्षा रजिस्टर जास्त हाताळलं. कोण रजेवर, कोण हजर, कोणाची पेन्शन कोणाच्या नावे, याची नोंद चुकली तर एखाद्या घराची चूल पेटत नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून ऐकवलंय. असा माणूस पहिल्यांदा वॉशिंग्टनला आला आणि व्हाइट हाउस कुंपणाबाहेरून बघून कंटाळला, तेव्हा त्यांना आवडेल असं काय, याचा मी विचार केला. हा देश नोंदी कशा ठेवतो, ते दाखवावं असं वाटलं. ते बघायला या दोन जागांहून चांगली जागा मला माहीत नाही.

आर्लिंग्टन म्हणजे 639 एकर टेकड्या आणि चार लाखांहून जास्त माणसं. पांढरा संगमरवरी दगड, 13 इंच रुंद, सरळ रांगेत. कुठल्याही कोनातून बघा, रांग सरळच दिसते. जुन्या भागात पैसेवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने मनोरे उभारलेत, पण सरकारी दगड जनरलला आणि शिपायाला सारखाच. प्रत्येकाला सेक्शन नंबर, कबर नंबर. बाबा पहिल्या अर्ध्या तासात काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणीतरी जीव लावून रजिस्टर ठेवलंय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागणार नाही. आमच्या भागातल्या गावागावांतून माणसं पहिल्या महायुद्धाला गेली. इंग्रजांनी नंतर कित्येक गावांत पाट्या बसवल्या: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. एवढंच. नावं नाहीत, नुसते आकडे. देवळाच्या भिंतीत, चावडीजवळ अशी पाटी बघत बाबा मोठे झाले. ते आकडे त्यांना अजून पाठ आहेत आणि नावं कुणालाच सांगता येत नाहीत, ही त्यांची जुनी सल.

म्हणून कोणी म्हटलं की आर्लिंग्टन म्हणजे अमेरिकन लष्कराचा डामडौल, तर मी वाद घालत नाही, डामडौल आहेच. पण या जागेचा जन्म डामडौलातून झालेला नाही. टेकडीवरचं ते खांबांचं घर म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या बायकोची वडिलोपार्जित मालमत्ता. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात ली शत्रूपक्षात, म्हणजे दक्षिणेकडे गेला. 1864 साली माणसं पुरायला जागा पुरेना, तेव्हा सरकारने तिथे पुरायला सुरुवात केली. लष्कराच्या पुरवठ्याचा प्रमुख, क्वार्टरमास्टर जनरल माँटगोमेरी मेग्ज याने तर मुद्दाम घराला लागून, मिसेस ली यांच्या गुलाबाच्या बागेपाशी कबरी खणवल्या, म्हणजे हे कुटुंब परत येऊन राहायचं नावच काढणार नाही. सूडच तो, दुसरं काय. पुढे लीच्या मुलाने दावा लावला, सुप्रीम कोर्टात जिंकला, आणि 1883 साली सरकारला स्वतःच बळकावलेली जमीन दीड लाख डॉलर मोजून विकत घ्यावी लागली. कोर्टकचेरीचा हा भाग ऐकून बाबा खूश झाले. सातबाऱ्यावरून भांडणं बघितलेला माणूस, त्यांना हे अगदी ओळखीचं वाटलं.

सेक्शन 27 मध्ये कित्येक दगडांवर हुद्दा नाही, 'सिटिझन' किंवा 'सिव्हिलियन' एवढंच कोरलेलं सापडतं. गुलामगिरीतून सुटून राजधानीच्या आसऱ्याला आलेले काळे लोक हे. जिवंतपणी ज्यांची मोजदाद मालमत्तेत होत होती, त्यांच्या दगडावर 'नागरिक' लिहिलंय. पर्यटक इथे फारसे फिरकत नाहीत, सगळे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कबरीवरच्या ज्योतीकडे धावतात. वेळ कमी असेल तर ज्योत सोडा, हा सेक्शन बघा, असं मी पाहुण्यांना सांगते. कुणी ऐकत नाही.

अनामिक सैनिकाच्या समाधीपाशी मात्र सगळेच थांबतात. पहारेकरी 21 पावलं चालतो, वळतो, 21 सेकंद उभा राहतो, पुन्हा 21 पावलं. बंदूक नेहमी समाधीपासून लांबच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या खांद्यावर. 1937 पासून हा पहारा अहोरात्र चालू आहे. उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाला पहारा बदलतो. त्या उकाड्यात लोकरी गणवेशात उभ्या त्या पोराच्या हनुवटीवरून घाम गळत होता आणि तो पुसायला हात उठत नव्हता. आमच्या धाकटीने त्याला पाणी द्यायचं का विचारलं. बाबा तोवर नकळत सावधानमध्ये उभे होते, अंगठे पँटच्या शिवणीला लागलेले.

पहिला अनामिक इथे 1921 साली आणला, 1958 साली दुसऱ्या महायुद्धाचा आणि कोरियाचा एकेक, 1984 साली व्हिएतनामचा. यातली चौथी कबर आज रिकामी आहे. 1998 साली ती उघडून डीएनए तपासला, तर तो अनामिक नव्हताच, मायकेल ब्लासी नावाचा वैमानिक निघाला. घरच्यांनी त्याला सेंट लुईसला नेलं. मी हे सांगितल्यावर बाबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे नोंद सापडली म्हणायची," म्हणाले. मग थोड्या वेळाने, आपणहून, माणगावच्या यशवंत घाडगेंबद्दल बोलायला लागले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, 10 जुलै 1944 ला इटलीत एकट्याने मशिनगनचं ठाणं घेताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पण त्यांची समाधी कुठेच नाही, नाव आहे इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर. थोरला नातू हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला शाळेत दुसरं महायुद्ध शिकवतात, त्यात मराठे येत नाहीत.

आई या सगळ्यात सावली शोधत होती. तिला कबरींमध्ये रस नाही, ती स्पष्ट सांगते. पण समाधीच्या जवळच कोलंबिया यानाचं स्मारक आहे. ब्राँझमध्ये सात जणांचे चेहरे, खाली नावं. तिथे 'कल्पना चावला' वाचून ती थांबली. कल्पना इथे पुरलेली नाही, पण नाव आहे. आईने चप्पल काढली, नमस्कार केला आणि शेजारच्या बाईला इंग्रजीत सांगितलं, "अवर गर्ल." ती बाई हात जोडून "येस, येस" म्हणाली.

आता बेसबॉल. लोकांना वाटतं हे मुलांच्या हट्टापायी. वाट मात्र त्याच कबरस्तानातून जाते. सेक्शन 1 मध्ये अॅब्नर डबलडे नावाचा जनरल आहे. 1861 ला यादवी युद्ध पेटलं तेव्हा फोर्ट समटर किल्ल्यातून उत्तरेच्या बाजूने पहिली तोफ त्याने डागली. त्याची खरी प्रसिद्धी वेगळीच: 1839 साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये त्याने बेसबॉल शोधला म्हणे. साफ खोटं. त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता, आणि स्वतः त्याने असा दावा कधी केला नाही. तो मेल्यावर काही वर्षांनी एक समिती नेमली गेली, तिने एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबून श्रेय देऊन टाकलं. ही समिती का नेमावी लागली? तर हेन्री चॅडविक नावाचा पत्रकार लिहीत होता की हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्स नावाच्या खेळातून आलाय. अस्सल अमेरिकन खेळ इंग्रजांचा कसा, म्हणून काहींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गंमत बघा, चॅडविक स्वतः इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. बेसबॉलचा धावतक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, त्यानेच रुजवला. तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, की 'के' लिहितात तेही त्याचंच. कूपर्सटाउनला बेसबॉलच्या दिग्गजांचा हॉल ऑफ फेम आहे, त्यात चॅडविकला जागा आहे, डबलडेला नाही. शोधाचं श्रेय मिळालेला बाहेर राहिला आणि हिशेब लिहिणारा आत गेला, हे कळल्यावर बाबांना त्या खेळाबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

तोपर्यंत त्यांचं मत वाईटच होतं. "टप्पा नाही, काही नाही, सगळे फुलटॉस. आणि हातात एवढं मोठं पंजासारखं घालून कॅच? आमच्या पोरांनी लाज काढली असती." थोरल्याने त्यांना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल आणून दिली. चेंडू टाकणारा पिचर 1, त्याचा चेंडू झेलणारा कॅचर 2, पहिला बेस 3, असे नऊ जणांचे नऊ नंबर. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या 6 नंबरवाल्याने, चेंडू उचलून दुसऱ्या बेसवाल्या 4 नंबरकडे दिला, त्याने पहिल्या बेसकडे, दोघं बाद, तर लिहायचं 6-4-3. दुसऱ्या इनिंगपर्यंत बाबा अडखळत होते. चौथ्या इनिंगमध्ये ते शेजारच्या अनोळखी माणसाच्या कार्डावरची खाडाखोड दाखवून त्याला दुरुस्ती सुचवत होते. भाषेचा प्रश्नच आला नाही, आकडे होते.

त्यांना सगळ्यात भावलं ते फलकावरचं ई. धावा, हिट (चेंडू मारून बेस गाठणं) आणि तिसरा रकाना एरर, म्हणजे चूक. क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला तर ते सगळ्या स्टेडियमसमोर लागतं. हिट म्हणायचं की एरर, हे ठरवायला एक अधिकृत स्कोअरर वर पत्रकार कक्षात बसलेला असतो. आपल्याकडे स्लिपमध्ये सुटलेला कॅच असा धावफलकावर लावायचा म्हटलं तर दंगे होतील.

चौथ्या इनिंगच्या सुमारास इथल्या नॅशनल्स संघाची राष्ट्राध्यक्षांची शर्यत असते. भलीमोठी डोकी चढवून वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन आणि टेडी रूझवेल्ट मैदानाच्या कडेने पळतात. 2006 पासून टेडी प्रत्येक शर्यत हरत आला आणि 2012 च्या ऑक्टोबरमध्ये एकदाचा जिंकला. शेकडो पराभवांची कुणीतरी नीट मोजणी ठेवली होती, हे वेगळं सांगायला नको. पुढे काही हंगाम टाफ्टही पळाला. आर्लिंग्टनमध्ये दोनच राष्ट्राध्यक्ष आहेत, केनेडी आणि हा टाफ्ट. हंगामाचा पहिला चेंडू राष्ट्राध्यक्षाने फेकायची पद्धतही 1910 साली त्याच्यापासून पडली. सकाळी ज्याच्या कबरीपाशी गप्प बसायचं, त्याचीच संध्याकाळी रबरी डोक्याची नक्कल. आईला हे अजिबात पटलं नाही. आपल्याकडे असं कुणाचं करून बघा, म्हणाली.

एका विश्रांतीत पडद्यावर सैनिक आणि जखमी जवान दाखवतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. मी उभी राहते, पण माझं मन तिथे थोडं कचरतं. 2015 साली मॅकेन आणि फ्लेक या दोन सेनेटरांनी अहवाल काढला होता: असल्या सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने वेगवेगळ्या खेळांच्या व्यावसायिक संघांना 68 लाख डॉलर दिले होते. लोकांना वाटत होतं, संघ आपणहून मान देतायत. मी हे बाबांच्या कानात सांगितलं. त्यांनी कार्डावरून मान वर न करता विचारलं, "पावत्या होत्या?" होत्या, म्हणूनच उघडकीला आलं, म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि पुढचा आउट लिहिला.

तर हे उत्तर. नायगऱ्यालाही नेतो, घाबरू नका, पाणी कुठे पळून जात नाही. यंदा बाबांनी स्वतःच न्यूयॉर्क मागितलंय. स्वातंत्र्यदेवता नको, ब्रुकलिनचं ग्रीन-वूड हवंय, कारण चॅडविक तिथे आहे आणि त्याच्या स्मारकावर दगडी बेसबॉल बसवलाय हे त्यांनी नातवाकडून शोधून घेतलंय. आईने फोनवर आधीच बजावलंय: एका उन्हाळ्यात एकच कबरस्तान, कुठलं ते तुम्ही बापलेक ठरवा.