पाण्याच्या मोटारीपासून स्नायूंपर्यंत : आमची वाटचाल

पाचोऱ्याला आमच्या आण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मार्च लागला की विहिरी तळाला जायच्या, व्होल्टेज पडायचं आणि आसपासच्या केळीच्या मळ्यांतून जळालेल्या मोटारी यायला लागायच्या. शाळेतून आलो की जळकी तार ओढून काढायची आणि नवे वेढे मोजायचे, हे माझं काम. मोजणीत एक वेढा कमी निघाला तरी आण्णा अख्खी कॉइल उसवायला लावायचे. शेतकरी बाहेर बाकावर बसलेला असला, तरीही.

आज जळगाव एमआयडीसीतल्या शेडमध्ये आम्ही अकरा जण आहोत आणि अजूनही वेढेच मोजतो. फक्त तार केसाहून बारीक असते. आमच्या कॉइल शरीरात बसवायच्या बिनतारी सेन्सरला वीज पोचवतात आणि स्नायूचा सिग्नल बाहेर आणतात. आम्ही पूर्ण इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचं अख्खं उपकरण, बनवत नाही, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगतो. वीज लागणारं इम्प्लांट भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार ‘ड’ वर्गात, म्हणजे सर्वांत जोखमीच्या गटात येतं. आमचं काम संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना कॉइल, बाहेरचा रिसीव्हर आणि चाचणीच्या मिठाच्या पाण्याच्या टाक्या पुरवण्याचं.

सुरुवात ईसीजी मशीन दुरुस्तीने झाली. डिप्लोमा करून २००८ मध्ये जळगावात आलो आणि पाच वर्षं दवाखाने पालथे घातले. तक्रार बहुतेक एकच : रेघ थरथरते. मशीन चांगलं असायचं, अर्थिंग नसायचं. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण शरीरावर चढायची आणि मिलिव्होल्टभर उंचीचा हृदयाचा सिग्नल त्यात बुडून जायचा.

मग माझ्या आत्येभावाचा हात कडबाकुट्टीत गेला. उजवा, कोपराच्या खाली. दोन वर्षांनी त्याला स्नायूंच्या सिग्नलवर चालणारा कृत्रिम हात मिळाला. दोन इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणारे धातूचे तुकडे, कातडीला टेकलेले, एक मूठ उघडायला, दुसरा मिटायला. हिवाळ्यात बरा चालला. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे गेला, कृत्रिम हाताची बाही घामाने सरकायला लागली आणि चहाचा कप धरलेला असतानाच मूठ उघडली. तो म्हणाला, “हाऊ हात मनं ऐकत नही रे भाऊ.” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कोपराखाली वीसेक स्नायू असतात. प्रत्येकाची आज्ञा वेगळी, पण कातडीपर्यंत येता येता शेजाऱ्याचा आवाज त्यात मिसळतो. त्यामुळे इलेक्ट्रोड स्नायूतच ठेवणं बरं. पण तार कातडीतून बाहेर काढली तर त्या वाटेने जंतू आत शिरतात आणि आत बॅटरी ठेवली तर ती संपल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया. अमेरिकेत रिचर्ड वीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय २००९ मध्ये प्रसिद्ध झाला : साधारण १६ मिलिमीटर लांब, अडीच मिलिमीटर जाड कॅप्सूल स्नायूत आणि कृत्रिम हाताच्या बाहीत एक मोठी कॉइल. बाहेरच्या कॉइलमधून वीज आत जाते, सिग्नल बिनतारी बाहेर येतो. मी तो लेख २०१४ मध्ये वाचला. आकृती बघून पहिल्यांदा आण्णा आठवले. दोन कॉइल, मध्ये हवा आणि मांस; तत्त्व ट्रान्सफॉर्मरचंच.

पहिली मोठी ऑर्डर ४० कॉइलची, एका संशोधन संस्थेची. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बंद करून पाठवल्या आणि तीन आठवड्यांत सगळ्या परत आल्या. मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला कॉइल वीज सर्वांत चांगली घेते ती, घसरली होती. इपॉक्सी दिसायला काचेसारखी, पण पाण्याची वाफ हळूहळू तिच्यातून जाते आणि वेढ्यांमधली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते; त्याने फ्रिक्वेन्सी सरकते. पैसे अडकले, ते वर्ष वाईट गेलं. खरी इम्प्लांट टायटॅनियम, सिरॅमिक किंवा काचेत सीलबंद का करतात, ते तेव्हा अंगात भिनलं. त्यातही कॉइल धातूच्या डबीत घातली तर चुंबकीय क्षेत्र अडतं, डबीच्या धातूत विजेचे भोवरे (भोवरा-प्रवाह) फिरतात आणि ती तापते. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. मोटारीचा गाभा सलग लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांचा का रचतात, हे रिवाइंडिंगवाल्याच्या पोराला माहीत असतं.

लोक विचारतात, मेंदूतल्या इम्प्लांटचं काम का घेत नाही? स्नायूच्या एका चॅनलला, म्हणजे एका इलेक्ट्रोडच्या सिग्नलला, सेकंदाला हजार-दोन हजार नमुने (सिग्नलच्या नोंदी) पुरतात. मेंदूतल्या एकेका पेशीचा ठोका पकडायचा तर चॅनलमागे वीस-तीस हजार लागतात. शंभर इलेक्ट्रोड असले तर सेकंदाला तीस लाखांपर्यंत. एवढी माहिती बिनतारी पाठवायला वीज जास्त लागते, विजेबरोबर उष्णता येते आणि मेंदूला एखाद-दोन अंशांची वाढही धोक्याची. त्या कामाच्या चौकशा येतात. चाचणीची टाकी देतो, कॉइलला नाही म्हणतो. आमचा हात अजून तिथवर बसलेला नाही.

वाइंडिंगच्या टेबलावर सहा बाया आहेत. दोघी आधी चटईच्या कारखान्यात होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली तार तुटण्याआधीचा ताण त्यांना बोटांना कळतो. मशीन घेऊन पाहिलं, ते विकलं.

सध्या सिरॅमिकमधल्या १२ कॉइल ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, ६७ अंशांवर ठेवल्या आहेत. दर १० अंशांना झीज दुप्पट धरायचा ढोबळ हिशेब लावला तर शरीराच्या ३७ अंशांच्या तुलनेत आठपट वेग. म्हणजे ४६ दिवसांत वर्ष उरकतं. लाइट गेली तर टाकी इन्व्हर्टरवर जाते आणि रात्री फोन वाजतो तो माझाच. आज एकतिसावा दिवस. सकाळी बाराही कॉइलची फ्रिक्वेन्सी जागेवर होती. आत्येभाऊ दर रविवारी येतो, डाव्या हाताने वहीतले आकडे स्वतः तपासतो.