निवृत्तिनाथांच्या दिंडीत पायात काय घालावं

त्र्यंबकेश्वरहून पालखी निघते तेव्हा दिंडीतले कितीतरी जण अनवाणी असतात. त्यांच्याबद्दल मी बोलणारा कोण! उरलेल्यांच्या पायांकडे मात्र माझं लक्ष जातंच. वीणेकऱ्यामागून चालताना डोळ्यांपुढे सारख्या टाचाच असतात: कुणाच्या कोल्हापुरी, कुणाचे पावसाळी सँडल, आणि अलीकडे जास्त करून पोरांचे पांढऱ्या तळाचे स्निकर्स.

स्निकर कॉलेज रोडला शोभतो. गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीच्या घाटावर, दोन तास हिंडायलाही चांगला. पण त्याचा तळ सपाट, रबर जड, आतला फोम पातळ आणि पुढे बोटांपाशी तो निमुळता. दिवसाला वीसेक किलोमीटर डांबर तुडवलं की पाऊल सुजतं, लांबीला आणि रुंदीलाही. सकाळी मापात बसलेला बूट दुपारी करंगळी चेपायला लागतो. म्हणून बूट घ्यायचा तो संध्याकाळी, पाय चालून दमल्यावर, वारीत घालणार तेच मोजे घालून. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, ते बघायचं राहून जातं. रुंदीला आवळतो म्हणून नुसता नंबर वाढवला, तर टाच आत वरखाली होते आणि फोड तिथेच येतो. मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

कोल्हापुरीचं गणित उलटं. पट्टा सुरुवातीला घट्टच हवा, कारण चामडं वापरून सैल होतं. फोम आणि कॅनव्हास तसे सुटत नाहीत. दुकानात टोचलेला बूट पार पुढे वाटेतल्या करमाळ्यातही टोचणार. टाच तळाच्या काठाबाहेर लोंबू नये. चप्पल किमान महिनाभर आधी घ्यावी, घरात रोज तासभर घालावी, आणि रात्री चपलेच्या अंगठ्याला व पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेलाचं बोट फिरवावं. बोटच. वाटीभर तेल पाजलं तर चामडं लिबलिबीत होऊन शिवण ढिली पडते. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि ती चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा नसतो. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. आपल्याकडे बाजारात त्याच आकाराचं रेक्झीनही मिळतं. तळाचा काठ बघावा, चामड्याचे थर दिसले तर घ्यावी.

सातपूर, नाशिक झालं. पंचवटीतले लोक पायावर पाणी घालत होते, चहा देत होते, फोटो काढत होते, आणि तेवढ्यात मागच्या टेम्पोवरचा भोंगा आमच्या टाळांवर स्वार झाला. हरिपाठाची एक ओळ धड ऐकू येईना. पळसे गावापर्यंत माझा पारा चढलेलाच होता.

मोहदरी घाटाच्या चढाला ऊन डोक्यावर आलं. आमच्यातला सातपूरचा एक पोरगा लंगडायला लागला. पांढरे कोरे स्निकर्स, मागे मोज्याला लाल डाग. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक चर्मकार बाबा गोणपाट टाकून बसले होते. पुढ्यात आरी, रापी, लोखंडी तिपाई, सोल्यूशनचा डबा. वारकऱ्यांची पादत्राणं ते फुकट शिवून देत होते.

"बस माऊली. दोन्ही काढ."

पोरानं पाय पुढे केला. बाबांनी पायाकडे बघितलंच नाही. बूट उचलला, आत दोन बोटं घातली आणि टाचेच्या अस्तरावरून आंधळ्यासारखी फिरवली.

"कधी घेतला?"

"परवा."

"मंग बरोबरे. हितं शिवण वर आलीय, हात लावून बघ."

मीही हात लावला. अस्तराच्या जोडावर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा होता. बाबांनी तिथे फडक्यानं पाणी लावलं, टाच तिपाईवर उलटी चढवली आणि हातोडीच्या बोथट बाजूनं हलके ठोके दिले, शिवण दबेपर्यंत. मग आतला सोल बाहेर काढून मऊ कातड्याचा तुकडा टाचेच्या आकारात कापला, त्याच्या कडा रापीनं तासल्या आणि तो सोलखाली चिकटवला. दुसऱ्या बुटातही तसाच. टाच थोडी उचलली गेली की घासायची जागा बदलते, जखमेला उसंत मिळते. शेवटी नाडी वरच्या जादा छिद्रातून ओवून घोट्याशी आवळली आणि बोटांकडे सैल सोडली. सुजलेल्या पायाला हेच हवं असतं. बहुतेक जण बरोबर उलटं बांधतात.

एवढ्यात एक आजी सुई-दोरा घेऊन आल्या. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत. "आजी, दोरा नगं, पू व्हतो," बाबा म्हणाले, आणि ते खरंच आहे. दोऱ्याच्या वाटेनं घाण आत जाते. फोड लहान असेल तर हात लावू नये. टम्म फुगून चालताच येत नसेल, तर साबणानं धुऊन निर्जंतुक सुईनं कडेला टोचावं, पाणी काढावं, वरची कातडी तशीच राहू द्यावी आणि पट्टी लावावी. मधुमेह असेल तर यातलं काही न करता सरळ वैद्यकीय पथकाकडे जावं. अशा माणसानं अनवाणीही चालू नये. पाय बधिर झालेला असू शकतो, काटा गेलेला कळत नाही.

पोरानं खिशातून पन्नासची नोट काढली. "ऱ्हाऊ दे. पांडुरंगाला सांग," म्हणत बाबांनी पुढची चप्पल ओढली. दिंडी पुढे गेली होती. ती गाठेपर्यंत माझा राग कुठे गेला कळलं नाही.

सिन्नर, दातलीचं रिंगण. खरी परीक्षा रिंगणात आणि मुक्कामाला सगळ्यांनी मिळून करायच्या समाज आरतीला. वारीत पादत्राण दिवसातून दहा वेळा काढायचं असतं. कोल्हापुरी पायातून झटकली की झालं. स्निकरवाले वाकून नाड्या सोडतात, आरती संपली तरी बांधतच असतात, मग कंटाळून टाच दुमडून फरफटत चालतात आणि दोन दिवसांत बुटाची मागची बाजू मोडते.

पण पाऊस लागला की कोल्हापुरीची मिजास उतरते. भिजलं चामडं फुगतं, वादी सैल होते, ओल्या डांबरावर तळ सटकतो. वारीआधीच खाली रबराचा थर लावून घ्यावा. भिजली तर सावलीत, वाऱ्यावर, उभी करून वाळवावी. चुलीजवळ ठेवली की ती कडक होऊन चिरते. स्निकर भिजला तर आतला सोल वेगळा वाळवावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दोन-तीनदा बदलावेत, तरी सकाळी तो दमटच असतो. काळ्या मातीच्या चिखलात दोन्ही सारखेच निरुपयोगी. आणि बाभळीचा काटा दोन्हींतून आरपार जातो, त्याच झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यातूनही.

राहुरी, नगर, मिरजगाव कधी मागे पडलं ते दिवसांवरून सांगता यायचं नाही. करकंबच्या आसपास तो पोरगा साध्या पट्ट्याच्या सँडलवर आला होता, स्निकर्स दिंडीच्या ट्रकमध्ये. मागे टाचेला पट्टा, पुढे बोटं मोकळी, तळ रबराचा. मला विचाराल तर नवख्यानं सुरुवातीपासून तेच घालावं, आणि पंढरपुरात पोचल्यावर तेही तंबूत ठेवून चंद्रभागेला जावं, कारण वाळवंटात काढून ठेवलेली जोडी परत सापडत नाही.