गोड पीठ का अडतं? नोंद चौथी

मागच्या नोंदीत, गोड पीठ फुगत नाही म्हणून ‘यीस्ट मेलं’ असं लिहून मोकळी झाले होते. ते शब्द मागे घेते.

शनिवारी तीन बरण्या लावल्या. प्रत्येकीत १०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम पाणी, १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पहिलीत साखर नाही, दुसरीत २५ ग्रॅम. तिसरीतही तेवढीच, फक्त त्यातली ५ ग्रॅम आधी पाण्यात विरघळवून यीस्ट तासभर त्यात ठेवलं, मग मैदा आणि उरलेली साखर. दीड तासात पहिली खुणेच्या रबरबँडच्या वर गेली. दुसरी ढिम्म. रात्री जेवणं उरकून ओट्याशी आले तर हीच बया बरणीच्या गळ्याशी!

म्हणजे मधले तास यीस्ट कामात होतं. साखरेमुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते. त्यात पेशीबाहेरचं इन्व्हर्टेज हे विकर साखरेच्या एका रेणूचे दोन करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ताण आणखी वाढला. आपल्याच पायावर धोंडा. मग काही मिनिटांत होग१ हे प्रथिन केंद्रकात शिरतं, जीपीडी१ जनुक जोरात चालू होतं आणि पेशीत पाणी धरून ठेवणारं ग्लिसरॉल साठायला लागतं. ते गळू नये म्हणून पटलावरचं एफपीएस१ हे दार बंद. आतबाहेर जुळत आलं की पीठ हलतं.

शिवाय एमएसएन२ आणि एमएसएन४ ही प्रथिनांची जोडगोळी. एरवी केंद्रकाबाहेर; मीठ असो, उष्णता असो की उपासमार, ताण आला की आत जाऊन डीएनएवर एजीजीजीजी ही अक्षरं दिसतील तिथे बसतात आणि जवळची जनुकं चालू करतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात यीस्टच्या सुमारे ६,००० पैकी ९००च्या आसपास जनुकं निरनिराळ्या ताणांत एकाच तऱ्हेने हलताना दिसली: साधारण ३०० जनुकांचं काम वर, ६००चं खाली. खाली गेलेल्यांत रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनांचे कारखाने, बांधणारी बरीच. घरात अडचण आली की आधी बांधकाम थांबवायचं, हे त्यांनाही कळतं.

सौम्य ताण सोसलेली पेशी पुढचा मोठा ताण जास्त झेलते, म्हणून तर तिसरी बरणी. ती दुसरीच्या पन्नास मिनिटं आधी गळ्याशी आली. मी खूश. रात्री अंथरुणात लक्षात आलं, हिला तासभर जागं व्हायला फुकट मिळाला की!

रविवारी चौथी लावली: यीस्ट तासभर साध्या पाण्यात चमचाभर मैद्याबरोबर, साखर सगळी नंतर. तीही तिसरीच्या जेमतेम दहा मिनिटं मागे. दहा मिनिटं तर स्वयंपाकघरातल्या उकाड्यानेही पडतात.

आता पुढच्या शनिवारी तेच, पण साखरेऐवजी आधी चिमूटभर मीठ, आणि प्रत्येकी दोन बरण्या.