त्यांची किती ग्रॅमची?

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही म्हणून वही काढली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. जेवण, ऑफिस, पुण्यातली थंडी, सगळं बोलून झालं. मग ते अंगणात आले असावेत, कारण मागचा टीव्हीचा आवाज एकदम गेला. हळूच विचारलं, "बाळा, त्यांची अंगठी किती ग्रॅमची आहे गं?"

"अजून घेतली नाही बाबा."

"घेतली की सांग. म्हणजे मला अंदाज येईल."

एवढंच बोलले. तेव्हापासून काहीतरी घशात अडकल्यासारखं झालंय. बाबांनी कधी कुणाच्या वस्तूचं मोल विचारलेलं मला आठवत नाही. माझ्यासाठी त्यांना ते विचारावं लागलं, तेही आईला ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर येऊन.

रविवारी मी आणि हा, माझा होणारा नवरा, साखरपुड्याची अंगठी बघायला लक्ष्मी रोडला जाऊन आलो होतो. साधी ५ ग्रॅमची, २२ कॅरेट. भाव ग्रॅमला ११,४०० धरून ५७,००० सोन्याचे, त्यावर १२ टक्के मजुरी, त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. ६५,७५५ रुपये. शेजारच्या ट्रेमधली हिऱ्याची होती १,१०,००० ची, १८ कॅरेट, सोनं जेमतेम पावणेतीन ग्रॅम. त्याने ती माझ्या बोटात घातली. सुंदर दिसत होती, वहीत खोटं कशाला लिहू. पण मी लगेच काढून ठेवली. हा म्हणाला, "आवडली असेल तर घे ना." मला आवडली होती. पण माझ्या बोटातली अंगठी एक लाखाची झाली, तर त्याच्या बोटातली केवढ्याला येणार आणि ती कोण आणणार, हे गणित त्याच्या डोक्यात येतच नाही. त्याला कधी करावंच लागलेलं नाही.

ऑफिसात एकजण म्हणाली, अंगठीवर दोन महिन्यांचा पगार घालायचा असतो. मी शोधून वाचलं. हिरा कायमचा असतो हे डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीचं घोषवाक्य १९४७ सालचं, आणि पगाराचा हिशेबही त्यांच्याच जाहिरातींनी रुजवला, अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन. ते वाचून मला राग यायला हवा होता, आला नाही. त्या जाहिरातींनी निदान मुलाच्या खिशाकडे बघून आकडा सांगितला. आमच्याकडे मुलीच्या बापाने आधी समोरच्यांचं वजन विचारायचं आणि त्यावर अर्धा ग्रॅम चढवायचा. आपल्या लग्नविधीत अंगठीला जागाच नाही. मंगळसूत्र आहे, सप्तपदी आहे. अंगठी येते ती साखरपुड्यात, आणि तिथेही नावाला मान साखरेच्या पुड्याचाच. पुडा किती ग्रॅमचा हे कुणी विचारत नाही.

मग बाबा का विचारतात, ते मला माहीत आहे. ताईच्या साखरपुड्यात आपण दिलेली अंगठीची डबी तिच्या सासरच्या एकांनी तळहातावर घेतली आणि नुसती वरखाली केली. तोंडाने काहीच बोलले नाहीत. डबी पुढे दिली. बाबांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. त्यानंतर ताईला जे...

ते नको.

रडू येत होतं म्हणून याला फोन केला. सगळं सांगितलं. हा म्हणाला, "अगं, मी चांदीचीसुद्धा घालीन. बाबांना सांग, काही आणू नका." मनापासून म्हणाला, आणि मी त्याच्यावर चिडले. त्याने चांदीची घातली तर लोक त्याला साधा म्हणतील आणि माझ्या बाबांना चिक्कू. हे त्याला समजावून सांगताना माझा आवाज चढला. तो गप्प ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग दोन्ही सारख्याच करू. एकाच सोनाराकडून, एकाच वजनाच्या. आमच्या घरी मी सांगतो, आजच सांगतो."

हे मला का सुचलं नव्हतं?

आईला फोन लावला. तिच्या बोटातली वेढणी डोळ्यांसमोर होती. विचारलं, तुझी किती ग्रॅमची? ती म्हणाली, "पाव तोळ्याची होती. आता निम्मी झिजली असेल बघ भांडी घासून." आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, की बाबा पतसंस्थेतली आरडी मोडायची म्हणताहेत.

बाबांना फोनवर बोलावून घेतलं. सांगितलं, दोन्ही सारख्या, ४-४ ग्रॅमच्या, हिरा नाही, दोन्ही मीच घेते, माझ्याकडे साठलेत तेवढे. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "मग मी काय करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतेय, आणि मी त्यांच्या हातातलं कामच काढून घेत होते. जावयाच्या बोटात घालायची अंगठी त्यांना स्वतः आणायची आहे. ताईच्या वेळेपासून आणायची आहे.

म्हटलं, ठीक आहे, त्याची तुम्ही आणा. गुजरीतल्या आपल्या नेहमीच्या सोनाराकडून दोन्ही करून घ्या, माझीचे पैसे आम्ही पाठवतो. पण वजन ४ च्या वर जायचं नाही, आणि आरडीला हात लावायचा नाही. रविवारच्या भावाने एक ५२,६०० ला पडेल, मी मजुरीसकट काढून ठेवलंय.

"साडेचार करू या," बाबा म्हणाले.

"चार, बाबा."

"बरं, चार." मग जरा थांबून, "दोन्हींवर हॉलमार्क आणि तो सहा आकडे-अक्षरांचा नंबर बघून घेतो."

मला अजून पूर्ण बरं वाटत नाहीये. उद्या कुणीतरी ती डबी पुन्हा तळहातावर घेईल, ते मला थोडंच थांबवता येणार आहे. पण दोन्ही डब्या सारख्याच लागतील.

आत्ता, लिहिता लिहिता, पुन्हा बाबांचा फोन आला. इतक्या रात्री ते कधी करत नाहीत. मी घाबरून उचलला.

"अगं, जावयांच्या बोटाचं माप राहिलंच. दोरा गुंडाळून घ्यायला सांग. आणि संध्याकाळी घे म्हणावं, सकाळी बोट बारीक असतं."